मांजर काय शिकतं

मांजर पाळता येतं, पण शिकवता येत नाही, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की मांजरावरचं पुस्तक म्हटलं की वाचक आहार, आजार आणि जाती एवढ्याचीच अपेक्षा ठेवतो. हे पुस्तक हाताळणी आणि शिकवण या दोनच गोष्टींविषयी आहे. त्यामागचं माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते: मांजर शिकतं. जन्मल्यापासून, रोज, आपण शिकवायला बसलेलो नसतानाही शिकतं. अवघड आहे ते आपल्या नकळत आपण त्याला काय शिकवत आलो आहोत, हे ओळखणं.

प्राणी कसे शिकतात, याचा प्रयोगातून सिद्ध झालेला पहिला मोठा नियम माणसाच्या हाती आला तो मांजरांमुळेच. १८९८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या एडवर्ड थॉर्नडाइक या तरुण संशोधकाने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. लाकडी पट्ट्यांचा खोका, आत भुकेलं मांजर, बाहेर माशाचा तुकडा. दार उघडायची युक्ती प्रत्येक खोक्यात वेगळी. कुठे दोरीचा फास ओढायचा, कुठे खालची पट्टी दाबायची. पहिल्या खेपेला मांजर चावायचं, ओरबाडायचं, फटींतून पंजे बाहेर काढायचं आणि त्या धडपडीत केव्हातरी दार उघडायचं. तेच मांजर पुन्हा पुन्हा आत ठेवलं की निरुपयोगी धडपड गळत जायची आणि सुटकेला लागणारा वेळ उतरत जायचा. ज्या कृतीमागून समाधान मिळतं ती कृती पक्की होत जाते, हा त्याचा निष्कर्ष पुढे ‘परिणामाचा नियम’ म्हणून ओळखला गेला. आज पोलिसांच्या कुत्र्यापासून डॉल्फिनपर्यंत प्राण्यांचं बहुतेक प्रशिक्षण त्याच पायावर उभं आहे. ज्या प्राण्याने हा नियम दाखवून दिला, त्यालाच आपण ‘न शिकणारा’ म्हणत आलो.

याच खोक्यांच्या गोष्टीचा पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९४६ साली एडविन गथ्री आणि जॉर्ज हॉर्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांजरांच्या सुटकेचे फोटो प्रसिद्ध केले. त्यांच्या खोक्यात एक उभा खांब होता. तो हलला की दार उघडायचं आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याचा खटका पडायचा. मांजरं त्या खांबाला अंग घासत जायची, आणि एकेक मांजर दर वेळी जवळजवळ त्याच ढंगाने घासायचं. सुटकेच्या क्षणी जी हालचाल घडली तीच अंगवळणी पडते, असा अर्थ दोघांनी लावला, आणि तो पाठ्यपुस्तकांत गेला. १९७९ मध्ये ब्रूस मूर आणि सुझन स्टटर्ड यांनी तोच प्रसंग पुन्हा उभा केला, पण माणूस दिसत असताना आणि दिसत नसताना अशा दोन्ही तऱ्हांनी. माणूस समोर असला की मांजर खांबाला घासायचं. नसला की घासत नव्हतं. ते घासणं शिकलेलं नव्हतंच. माणूस दिसला की मांजर त्याची दखल घेतं, आणि मध्ये काच असल्यामुळे पायांऐवजी खांबाला अंग लावतं. तीन दशकं ज्याला प्रयोगाचं फळ समजलं गेलं, तो समोर बसलेल्या माणसांना केलेला रामराम होता.

घरात मांजर जे जे करतं त्यात आपण असेच सामील असतो, आणि आपल्याला आपणच दिसत नाही. सर्वांत नेहमीची तक्रार घ्या: पहाटे पाचला ओरडून उठवणारं मांजर. मांजर हे संधिप्रकाशातलं जनावर आहे. सांज आणि पहाट या त्याच्या शिकारीच्या वेळा. तेव्हा पहाटे जागं होणं हा त्याचा स्वभाव. पण आपल्या उशाशी येऊन ओरडणं हा स्वभाव नाही, ते शिकलेलं आहे. एकदा कुणीतरी झोपमोड टाळायला उठून वाटीत काही घातलं. मग घरात ठरतं की आता लक्ष द्यायचं नाही. चार दिवस सगळे कानावर पांघरूण घेतात, पाचव्या दिवशी आजोबांना दया येते. या चार-पाच दिवसांत मांजराने ओरडणं सोडलेलं नसतं. किती वेळ ओरडलं की उपयोग होतो, हे ते शिकलेलं असतं. अधूनमधून मिळणारं बक्षीस नेहमी मिळणाऱ्यापेक्षा सवय अधिक घट्ट करतं. म्हणून उपाय एकट्याने करायचा नाही, अख्ख्या घराने करायचा. रात्री झोपण्यापूर्वी दमेपर्यंत खेळ, त्यावर शेवटचं जेवण, आणि सकाळचं खाणं आपण उठल्या उठल्या नाही तर चहा झाल्यावर. सुरुवातीला ओरडणं वाढतं. नेमकं तिथेच बहुतेक घरं हार मानतात.

मांजराच्या आवाजाला दाद न देणं सोपं नाही, त्यालाही कारण आहे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात कॅरेन मॅकोम्ब यांनी २००९ साली दाखवलं की खाणं मागताना मांजर जी गुरगुर करतं त्यात रडण्यासारखा एक उंच सूर मिसळलेला असतो, आणि ज्यांनी कधी मांजर पाळलेलं नाही अशा माणसांनाही ती गुरगुर अधिक निकडीची वाटते. आपण त्याला वळण लावायला निघालेलो असतो, तेव्हा त्याने आपल्याला आधीच वळण लावलेलं असतं.

कुत्र्याशी तुलना करून मांजराला कमी लेखणाऱ्यांनी दोघांचा इतिहास पाहावा. कुत्रा माणसाबरोबर शिकारीला गेला, त्याने कळप राखले, पिढ्यान्‌पिढ्या माणसाने त्याच्यातले हुकूम पाळणारे निवडले. मांजर आलं ते धान्याच्या कोठारांमागून, उंदरांसाठी. सायप्रस बेटावर शिलुरोकांबोस इथे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे, म्हणजे सोबत जुनी आहे. पण या सोबतीत हुकूम नव्हता. आजचं घरातलं मांजर अंगाने आणि स्वभावाने आपल्या रानटी पूर्वजाच्या फार जवळ राहिलं आहे. ते एकट्याने शिकार करणारं जनावर आहे. टोळीच्या म्होरक्याला खूश ठेवणं त्याच्या रक्तात नाही, म्हणून आपल्या रागाचा त्याला अर्थ लागत नाही. फक्त भीती वाटते.

आपल्याकडच्या जुन्या घरांत मांजराला कुणी काही शिकवत नव्हतं आणि फारशी तक्रारही करत नव्हतं. कणगीमागे उंदीर होते. वर माळा होता, चढायला आढं आणि कौलं होती. नखं घासायला परसातल्या शेवग्याचं नाहीतर आंब्याचं खोड होतं, शी-शूसाठी उकरायला मऊ माती होती, आणि माणसांचा त्रास झाला तर निघून जायला दार उघडं होतं. भाटी आपली पिल्लं सात घरं फिरवते असं म्हणतात. आकडा सोडून द्या, पण निरीक्षण खरं आहे: जागा धोक्याची वाटली, माणसांचा वावर वाढला, की ती पिल्लं हलवते. त्या काळात तिला निवडायला घरं होती. मी त्या दिवसांचं गुणगान करत नाही. ती मांजरं कुत्र्यांच्या तोंडी, वाहनांखाली आणि न संपणाऱ्या बाळंतपणांत लवकर मरत, आणि पिल्लं पोत्यात घालून लांब सोडून येणारी घरंही तीच होती. सांगायचं आहे ते इतकंच की मांजराला जे लागतं ते सगळं त्या घराभोवती आपोआप होतं. आज आपण त्याला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणलं आणि ते सगळं काढून घेतलं. ज्याला आपण खोड म्हणतो त्यातलं बरंचसं म्हणजे मांजर ती हरवलेली जागा शोधत असतं.

सोफ्याचंच बघा. नखं घासताना मांजर नखांवरची जुनी साल काढतं, पाठ ताणतं आणि पंजातल्या ग्रंथींचा वास मागे ठेवतं. हे थांबवता येत नाही, जागा मात्र बदलता येते. त्याला सबंध अंग ताणून उभं राहता येईल असा, हलणार नाही असा भक्कम खांब लागतो, आणि तो कोपऱ्यात लपवून चालत नाही. सोफ्याच्या शेजारीच, येण्याजाण्याच्या वाटेवर हवा. दुकानातला महागडा खांबच हवा असं नाही. लाकडाच्या जाड ठोकळ्याला घट्ट गुंडाळलेली सुतळी किंवा ताणून ठोकलेलं गोणपाट मांजराला उत्तम चालतं. मांजराने तिथे नखं लावली की लगेच खाऊ द्यायचा. नखांची टोकं कापून बोथट करणं ठीक, पण नखं काढून टाकण्याची शस्त्रक्रिया म्हणजे प्रत्येक बोटाचं शेवटचं हाड कापणं. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये तिच्यावर बंदी घातली, त्याआधीच अनेक देशांनी घातली होती. आपल्याकडे कुणी ती सुचवली तर सरळ नाही म्हणा.

लिटर बॉक्सच्या प्रकरणाला या पुस्तकात सर्वांत जास्त पानं दिली आहेत, कारण याच कारणावरून सर्वांत जास्त मांजरं घराबाहेर काढली जातात. अंथरुणात किंवा कपड्यांच्या ढिगात शू केली की घरात एकच निष्कर्ष निघतो: त्याने सूड घेतला. मांजर असा सूड घेत नाही. बॉक्स घाण आहे, लहान आहे, धडधडणाऱ्या वॉशिंग मशीनशेजारी आहे, लिटरला उग्र सुगंध आहे, दुसरं मांजर वाट अडवून बसतं, किंवा शू करताना दुखतं आहे. कारण यांपैकी एखादं असतं. बॉक्स मांजराच्या लांबीच्या दीडपट हवा, वरून उघडा चालेल, लिटर बारीक वाळूसारखं आणि बिनवासाचं, आणि संख्या मांजरांपेक्षा एकाने जास्त. रोज साफ केलाच पाहिजे. वयात आलेला बोका भिंतीवर, पडद्यावर उभ्याने फवारा मारतो ती वेगळी गोष्ट आहे. ती हद्दीची खूण असते, आणि वेळेवर नसबंदी केली तर बहुतेक बोक्यांत थांबते.

इथे फिनाईलबद्दल बोललं पाहिजे, कारण मराठी घरात शू पुसायला हात आधी त्याच्याकडेच जातो. काही विषारी द्रव्यं शरीराबाहेर टाकायला माणसाच्या यकृतात जी व्यवस्था असते ती मांजरात फार तोकडी आहे. फिनॉल त्यांतलंच एक. ओल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं आणि ते पोटात जातं. पॅरासिटामॉलही याच कारणाने मांजराला घातक: तापासाठी दिलेली माणसाची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते. अमोनियाचा वास असलेली द्रावणं मुळीच नकोत, कारण त्या वासाने मांजर पुन्हा तिथेच येतं. डाग एन्झाइम असलेल्या क्लीनरने पुसावा, म्हणजे वास मुळातून जातो.

आता हात. मांजराला हाताळण्याची अडचण हात पुढे करण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना त्याच्या मनात माणूस हा धोका नाही, ही खूणगाठ बसते. त्या दिवसांत वेगवेगळ्या माणसांनी रोज थोडा वेळ हळुवार हाताळलेलं पिल्लू पुढे आयुष्यभर माणसात रमतं. पण आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडूही नये. फिनलंडमध्ये साडेपाच हजारांहून अधिक मांजरांच्या पाहणीत, इतक्या लवकर तोडलेल्यांमध्ये आक्रमकपणा जास्त आढळला. हे दोन्ही एकत्र वाचलं की जबाबदारी कुणाची ते कळतं. पिल्लाला माणसाळवायचं काम, पिल्लू नेणाऱ्या घराआधी, ज्या घरात ते जन्मतं त्या घराचं आहे. जिन्याखाली व्यालेल्या भाटीची पिल्लं ‘मोठी झाली की देऊन टाकू’ म्हणून नुसती वाढू देणारे, त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोलाचे आठवडे वाया घालवतात. ते आठवडे हुकलेलं मांजर कायमचं बिघडलं असं नाही, पण मग काम आठवड्यांचं न राहता महिन्यांचं होतं, आणि ते बसून करावं लागतं: जमिनीवर, त्याच्याकडे न बघता, हात न लावता.

पिल्लाला मानेला धरून उचलण्याबद्दल वाद फार होतो. रामानुजांच्या परंपरेतल्या तेंकलै वैष्णवांनी शरणागतीसाठी मार्जारकिशोरन्याय सांगितला. माकडाचं पिल्लू आईला स्वतः धरून राहतं. मांजरीचं पिल्लू मात्र आईने मानेला धरलं की अंग सैल सोडून देतं. निरीक्षण अचूक आहे, पण ते पिल्लापुरतं आणि आईपुरतं. चार किलोचं मोठं मांजर मानेला धरून लोंबकळवलं की तेही निश्चल होतं, पण ती शरणागती नसते. भीतीने गोठलेलं जनावर असतं. पशुवैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आता ही पद्धत टाळायला सांगतात. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, मांजर आपल्या अंगाला टेकलेलं, आणि त्याने अंग ताठ केलं की लगेच खाली ठेवायचं.

लगेच खाली ठेवणं, यात माझ्या मते मांजर हाताळण्याचं निम्मं शास्त्र आहे. झुरिचमध्ये डेनिस टर्नर यांनी घरांतल्या मांजरांच्या आणि माणसांच्या भेटी वर्षानुवर्षं नोंदल्या. त्यांना आढळलं की भेट मांजराने सुरू केली तर ती जास्त वेळ टिकते, माणसाने सुरू केली तर लवकर संपते. लहान मुलांना हे समजावणं सर्वांत कठीण जातं, आणि ओरखडेही बहुधा तीच खातात. मुलांना शिकवायला एक साधी रीत आहे. बोट पुढे धरा, मांजर येऊन नाक लावेल. त्याने गाल घासला तर गाल, हनुवटी, कानामागे खाजवा. तीन-चार सेकंदांनी थांबा आणि बघा. ते आणखी पुढे आलं तर आणखी. पोटाला आणि शेपटीच्या मुळाशी हात नको. शेपटी आपटायला लागली, कान बाजूला वळले, पाठीची कातडी थरथरली, की हात काढा. ‘अचानक चावलं’ म्हणून सांगितलेल्या बहुतेक प्रसंगांत मांजराने आधी हे सगळं सांगितलेलं असतं. चावलंच, तर जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. मांजराच्या चाव्यातूनही रेबीज होतो.

शिकवायला खाऊ लागतो, आणि इथे अनेक शाकाहारी घरांची खरी अडचण होते. दूध-पोळी, दूध-भात यांवर मांजर वाढवण्याची आपली जुनी रीत आहे. पण त्या मांजरांचं खरं पोषण उंदरांवर व्हायचं, वाटीतल्या दुधावर नाही. बंद घरातल्या मांजराला ती सोय नाही. टॉरिन हे द्रव्य त्याला प्राणिज अन्नातूनच हवं. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा आणि हृदयाचे स्नायू निकामी होत जातात. हृदयाचा हा संबंध १९८७ साली सिद्ध झाला आणि त्यानंतर जगभरच्या तयार खाद्यांत टॉरिनचं प्रमाण वाढवण्यात आलं. घरात मांस शिजवायचं नसेल तर मांजरांसाठीचं चांगलं तयार खाद्य आणावं, पण मांजराला शाकाहारी करू नये. गोड खाऊचाही उपयोग नाही. गोडाची चव ओळखणारं जनुकच मांजरात बंद पडलेलं आहे. उकडलेल्या कोंबडीचा हरभऱ्याएवढा तुकडा पुरतो. हाक, मांजर आलं, तुकडा. हाक, आलं, तुकडा. जपानमध्ये अत्सुको साइतो यांनी २०१९ मध्ये दाखवलं की मांजर आपलं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखतं. म्हणून रागवायला ते नाव वापरू नका, आणि औषध पाजायला हाक मारून बोलवू नका.

शिक्षा या पुस्तकात कुठेही नाही. पाण्याचा फवारा मारला की मांजर ओट्यावरून उतरतं खरं, पण ते शिकतं एवढंच की हा माणूस जवळ असताना ओट्यावर चढू नये. माणूस स्वयंपाकघरातून गेला की ओटा पुन्हा त्याचाच.

हे सगळं कशासाठी, असं विचारणाऱ्यांनी पिंजऱ्याचं प्रकरण आधी वाचावं. बहुतेक घरांत प्रवासाचा पिंजरा वर्षातून एकदा माळ्यावरून निघतो आणि मांजर पलंगाखाली पळतं. ओढाताण होते, ओरखडे येतात, आणि पुढच्या वर्षी लस देणंच राहून जातं. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये काही मांजरांना टप्प्याटप्प्याने, खाऊ देत, पिंजऱ्यात जायला शिकवलं. पुढे दवाखान्याच्या वाटेवर ती मांजरं इतरांपेक्षा शांत राहिली आणि त्यांची तपासणीही लवकर उरकली. पिंजरा बारा महिने खोलीत उघडा ठेवायचा, आत जुनी चादर, कधी खाऊ. दिवाळीत फटाके सुरू झाले की तोच पिंजरा त्याची लपायची जागा होतो. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला त्याच्या तिपटीहून वरचे. शेजारच्या गल्लीतली माळ त्याच्यासाठी घरातच फुटत असते.

काही गोष्टी शिकवून बदलत नाहीत. पक्ष्यामागे झेप घेणं त्यांतलं एक. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी १९८७ साली प्रसिद्ध झाली. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के वाचली, आणि ‘मांजर कितीही उंचावरून पडलं तरी वाचतं’ हा समज त्यातून बळावला. जी जागीच मेली ती दवाखान्यात पोहोचलीच नव्हती, हे त्या आकड्यात दिसत नाही. गॅलरीला आणि खिडक्यांना कबुतरजाळी लावल्याशिवाय वरच्या मजल्यावर मांजर आणू नये.

प्रकरणं क्रमाने वाचायची गरज नाही. जी अडचण समोर आहे तिथून सुरुवात करा. मात्र तुमचा बोका आत्ता पुन्हा पुन्हा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसत असेल, जोर करत असेल, कण्हत असेल आणि शू होत नसेल, तर त्याला वळण लावायच्या फंदात पडू नका आणि हे पुस्तकही उघडू नका. त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो, आणि असा बोका दोन-तीन दिवसांत दगावतो. सकाळची वाट न पाहता, रात्री जो दवाखाना उघडा असेल तिथे त्याला घेऊन जा.